ऑपरेटरला त्याचीच फाईल उघडावी, दुसऱ्याची नको: प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर हे कसं बसवायचं

ऑगस्ट लागला की कोल्हापुरातल्या छापखान्यांत एकच विषय, अहवाल. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, सगळ्यांना 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते आणि त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या हातात पडायला पाहिजे, त्यामुळं बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत ऑपरेटरच्या टेबलाभोवती तीन संस्थांचे तीन सचिव खुर्च्या ओढून बसलेत हे रोजचंच. लक्ष्मीपुरीत माझ्या एका मित्राची प्रेस आहे, मागच्या सीझनला तिथं एका पतसंस्थेचं मॅटर करेक्शनला उघडायचं होतं, घाईत ऑपरेटरनं वरची फाईल सोडून खालची उघडली आणि ती निघाली दुसऱ्याच संस्थेची थकबाकीदारांची यादी, नाव गाव रकमेसकट. समोर बसलेल्या सचिवांनी त्यात स्वतःच्या गल्लीतलं एक नाव वाचलं. बास, पुढं काय झालं असेल ते सांगायला नको, ज्याचं नाव होतं त्याच्या घरापर्यंत गोष्ट गेली. त्याच आठवड्यात एका ऑपरेटरनं दुसऱ्याच्या फायनल झालेल्या फाईलवर आपलं मॅटर सेव्ह केलं आणि रात्रभर बसून चाळीस पानं परत टाइप करावी लागली.

मित्राचा फोन आला, "भावा, असला एखादा एडिटर बघ की, जो ठरवून दिलेल्या फाईलीच उघडतोय, बाकीच्याला हातच लावू देत नाही." मी म्हणलं बघतो, आणि मग दोन-तीन रविवार त्याच्या प्रेसमध्ये बसून हे सगळं लावलं. ते जसं केलं तसं सांगतो, कारण ही अडचण फक्त प्रेसची नाही, क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप होतात, वकिलांकडं दावे टाइप होतात, सीएच्या ऑफिसात तर विचारूच नका.

आधी एक सूचना. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.

एडिटर शोधायच्या आधी

मी पण पहिल्यांदा एडिटरच शोधत बसलो होतो. असले एडिटर आहेत, खाली सांगतोच, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. फाईल उघडू द्यायची का नाही हे एडिटर ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. विंडोजचा नोटपॅड असो, लिनक्सवरचा केट असो नाहीतर ब्राउझर असो, प्रत्येक प्रोग्रॅम सिस्टिमकडं जाऊन म्हणतो की अमुक युजरला ही फाईल पाहिजे, आणि सिस्टिम त्या युजरचं नाव बघून हो किंवा नाही म्हणते. म्हणजे तुम्ही एडिटरमधलं ओपनचं बटण जरी काढून टाकलं तरी त्याच लॉगिनमधून दुसरा कुठलाही प्रोग्रॅम ती फाईल उघडणारच. प्रेसमध्ये तर व्हॉट्सॲप वेबवर फाईल अटॅच करायचा डायलॉग दिवसभर उघडाच असतो, तिथनं सगळी डिस्क फिरून येता येते.

म्हणून क्रम असा धरा: पहिलं कुलूप फाईलीला, म्हणजे परमिशन. एडिटरची बंधनं त्याच्या नंतर, चुकून होणाऱ्या गोष्टी थांबवायला. उलट्या क्रमानं केलं तर सगळं बंद झाल्यासारखं वाटतं आणि खरं तर काहीच बंद झालेलं नसतं.

आणि कुणाला थांबवायचंय हे पण स्वतःला विचारा. मित्राच्या प्रेसमधली पोरं चांगली आहेत, दहा-दहा वर्षं तिथंच आहेत, त्यांच्यावर संशय म्हणून हे केलं नाही आणि त्यांना तसं वाटू पण द्यायचं नव्हतं. आम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की उद्या एखादी यादी बाहेर गेली तर पहिलं बोट तुमच्याकडं जातंय, फाईल तुमच्या लॉगिनला दिसतच नसली तर तुमच्यावर बोट येणारच नाही. हे बोलणं झालं म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं.

कागदावर यादी

एक वही घ्या आणि लिहा की कोण कुठल्या जॉबवर काम करतोय, आणि तिथं त्याला नुसतं वाचायचंय का बदलायचंय. आमच्याकडं तीन ऑपरेटर, एक प्रूफ वाचणाऱ्या मावशी आणि मालक. मावशींना सगळ्या जॉबचं मॅटर वाचायला पाहिजे पण बदलायला नको, त्या करेक्शन कागदावर लाल पेननं करतात. ऑपरेटरला स्वतःच्या जॉबचं सगळं, दुसऱ्याचं काहीच नको. एवढं लिहायला अर्धा तास लागतो पण तो वाचवू नका, कारण नंतर परमिशन देताना हीच वही समोर लागते.

प्रत्येकाचं वेगळं लॉगिन

बहुतेक प्रेसमध्ये एकच लॉगिन असतं, ते पण ॲडमिनचं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. हे आहे तोवर पुढचं काहीही करून उपयोग नाही, कारण सिस्टिमच्या दृष्टीनं सगळे ऑपरेटर म्हणजे एकच माणूस. विंडोजवर सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन प्रत्येकाचं स्टँडर्ड युजर बनवा, ॲडमिनचं अकाउंट फक्त मालकाकडं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, ॲड-युजर कमांड आहे, किंवा सेटिंगमधनं पण होतंय.

लिनक्सवर एक बघून घ्या. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात 21.04 पासून नवीन युजरचं होम फोल्डर 750 परमिशननं बनतं, म्हणजे बाकीच्यांना बंद, त्याच्या आधीच्या व्हर्जनमध्ये 755 होतं, म्हणजे एकाच्या होममधलं दुसऱ्याला सरळ वाचता यायचं. जुनी मशीन अपग्रेड करत आणली असेल तर जुनी होम फोल्डरं तशीच उघडी राहिलेली असतात, ती सी-एच-मॉड या परमिशन बदलायच्या कमांडनं 700 करून टाका, म्हणजे ज्याचं त्यालाच उघडेल.

फोल्डरचं कुलूप, विंडोजवर

कोरल, पेजमेकर, श्रीलिपी यांच्यामुळं बहुतेक प्रेस विंडोजवरच आहेत म्हणून आधी तेच. सगळ्यांचा माल डी ड्राइव्हवर असतो, आणि मेख तिथंच आहे. डी ड्राइव्हवर तुम्ही नुसतं नवीन फोल्डर बनवलं की मशीनवर लॉगिन असलेल्या कुठल्याही माणसाला त्यात वाचायची आणि बदलायची परवानगी आपोआप मिळते, विंडोजची डीफॉल्ट सेटिंगच तशी आहे. युजर वेगळे केले म्हणजे झालं असं समजून लोक इथं फसतात.

तर जॉबच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, ॲडव्हान्स्ड. तिथं डिसेबल इनहेरिटन्स असं बटण आहे ते दाबा, ते दोन पर्याय विचारतं, त्यातला परमिशन कन्व्हर्ट करायचा निवडा, म्हणजे आहेत त्या परमिशन यादीत राहतात आणि तुम्हाला एकेक काढता येतात. मग यादीतनं ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स ही दोन नावं काढा. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स ठेवायचे. ॲड करून ज्या ऑपरेटरचा जॉब आहे त्याचं नाव घाला आणि मॉडिफाय द्या, मावशींचं नाव घालून रीड द्या. फुल कंट्रोल कुणाला देऊ नका, त्यात परमिशन बदलायचा हक्क पण जातो.

डिनायचा टिक मारायचा मोह होतो, तो टाळा. डिनाय हा अलावच्या वर बसतो, आणि युजर्स ग्रुपला डिनाय मारला की त्या ग्रुपात मालक पण असतो, मग त्याचीच फाईल त्याला उघडत नाही आणि सकाळी सकाळी फोन. ज्याला द्यायचंय त्याला द्या, बाकीच्यांचं नावच यादीत नको.

फोल्डर बंद झालं तरी डी ड्राइव्हवर त्याचं नाव सगळ्यांना दिसतं, त्यामुळं फोल्डरला संस्थेचं नाव देऊ नका, जॉब नंबर द्या. आणि पेन ड्राइव्हवर हे काहीच चालत नाही, फॅट 32 आणि एक्सफॅटला परमिशन हा प्रकारच नाही, पेन ड्राइव्ह ज्याच्या हातात त्याला सगळं उघडं.

विंडोजच्या ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे युजरना नियम लावायच्या जागी, ड्राइव्ह लपवायची आणि ड्राइव्हला जाऊ न द्यायची अशा दोन सेटिंग आहेत, बरेच जण तेवढंच करून थांबतात. पण त्या मुख्यतः एक्सप्लोररची खिडकी आणि ओपनचा डायलॉग यांच्यासाठी आहेत, दुसऱ्या प्रोग्रॅममधनं त्या ड्राइव्हवर जाता येतं. शिवाय विंडोज होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतोच. सिक्युरिटी टॅब मात्र होममध्ये पण आहे, म्हणून मी त्यावरच भर दिला.

तेच लिनक्सवर

मित्राकडं मॅटर टाइप करायच्या दोन मशीन मी कुबुंटूवर, म्हणजे उबुंटूच्याच एका प्रकारावर, नेल्या, कोरलची मशीन विंडोजवरच ठेवली. लिनक्सवर प्रत्येक जॉबचा किंवा प्रत्येक ऑपरेटरचा एक ग्रुप करायचा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करायचं आणि सी-एच-मॉड 2770 द्यायचं. यातले दोन साते मालकाला आणि ग्रुपला सगळं देतात, शेवटचं शून्य बाकीच्यांना काहीच देत नाही, आणि पुढचा 2 असा की त्या फोल्डरात बनणारी नवी फाईल आपोआप फोल्डरच्याच ग्रुपात जाते. हा 2 विसरला तर नवी फाईल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपात बनते आणि दुसऱ्या दिवशी जोडीदाराला त्यात बदल करता येत नाही.

माणसाला ग्रुपात घालायची कमांड युजर-मॉड. तिला छोटा ए आणि मोठा जी असे दोन्ही लावायचे, छोटा ए राहिला तर तो माणूस आधीच्या सगळ्या ग्रुपांतनं बाहेर पडतो. मालकाच्या लॉगिनवर ही चूक झाली तर त्याचा सुडोचा, म्हणजे ॲडमिनची कामं करायचा, हक्कच जातो आणि मशीन रिकव्हरीत नेऊन दुरुस्त करावं लागतं. ग्रुपात घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला लावा, नाहीतर जुन्याच परवानग्या चालू राहतात आणि तुम्ही तासभर चूक शोधत बसता.

मावशींसारख्यांसाठी, म्हणजे एकाच फोल्डरात एकाला लिहायचं आणि दुसऱ्याला फक्त वाचायचं, तिथं सेट-एफ-ए-सी-एल कमांडनं वेगळी परमिशन द्यायची, आणि तीच डीफॉल्ट म्हणून पण लावायची, म्हणजे पुढं बनणाऱ्या फाईलींना पण लागू होते. सगळे जॉब ज्या मोठ्या फोल्डरात आहेत त्याला 711 द्या, मग आत शिरून आपल्या फोल्डरापर्यंत जाता येतं पण तिथं कुठले कुठले जॉब आहेत त्याची यादी दिसत नाही, विंडोजवर नावं दिसायची जी अडचण आहे ती इथं राहत नाही.

आता एक बारकी गोष्ट, जी मला स्वतःला करून बघितल्यावरच नीट कळली. फाईल डिलीट करायचा किंवा तिचं नाव बदलायचा हक्क फाईलच्या परमिशनवर नसतो, फोल्डरच्या परमिशनवर असतो. फाईल नुसती वाचायची केली पण फोल्डरात लिहायची परवानगी ठेवली, तर माणूस ती फाईल काढून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. व्हिम नावाच्या एडिटरमध्ये सेव्हच्या कमांडला उद्गारचिन्ह लावलं की तो तसंच काहीतरी करून वाचायच्या फाईलवर लिहून मोकळा होतो. त्यामुळं फायनल झालेलं मॅटर त्याच फोल्डरात ठेवून त्याच्या एकट्याच्या परमिशन काढून चालत नाही. फायनलचं फोल्डर वेगळं, आणि तिथं लिहायचा हक्क फक्त मालकाला.

आता एडिटर

बंधनातले एडिटर म्हणून नेहमी चार नावं पुढं येतात, आणि ती एकसारखी नाहीत.

आर-नॅनो म्हणजे नॅनो हा टर्मिनलमधला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतला, साधा एडिटरच, बंधनात चालवलेला. नॅनो या नावाच्या आधी आर लावून चालवला किंवा मोठा आर हा ऑप्शन दिला की झालं. तो जी फाईल देऊन उघडला तेवढीच उघडतो, दुसरी फाईल आत घेता येत नाही, दुसऱ्या नावानं सेव्ह करता येत नाही, बॅकअप फाईल बनत नाही, स्पेल चेक चालत नाही, मधेच बाजूला ठेवून शेलवर, म्हणजे कमांड द्यायच्या जागी, जाता येत नाही. आमच्या कामाला हाच सगळ्यात जवळचा. पण दोन गोष्टी सांभाळा. तो फाईलचं नाव न देता रिकामा उघडला तर त्याला एकदा नाव देऊन सेव्ह करता येतं, म्हणून नेहमी फाईल देऊनच उघडायचा. आणि दुसरं, माणसाच्या हातात टर्मिनल असेल तर तो आर-नॅनोला पाहिजे ती फाईल देऊन उघडणारच की. म्हणजे आर-नॅनो उघडतो कोण आणि त्याला नाव देतो कोण, हे तुमच्या हातात पाहिजे, ते पुढं सांगतो.

नॅनोचाच अजून एक ऑप्शन आहे, ऑपरेटिंग-डिर, म्हणजे एका फोल्डराच्या बाहेरच्या फाईली घ्यायच्या नाहीत. ऐकायला अगदी आपल्याला पाहिजे तेच वाटतं. पण बंधनात नसलेल्या नॅनोमध्ये आतनं कमांड चालवता येते, नव्या व्हर्जनमध्ये कंट्रोल टी दाबलं की झालं, मग फोल्डरची भिंत असून नसल्यासारखी. ऑपरेटर चुकून दुसरीकडं जाऊ नये एवढ्यासाठी ठीक.

जो नावाचा एक जुना एडिटर आहे, त्याचा आर-जो. तो पण दिलेल्या फाईलीच उघडतो, कळा जुन्या वर्डस्टारसारख्या असल्यानं जुन्या टाइपिस्ट लोकांना लगेच जमतो. आर-ई-डी हा ईडी या जुन्या एडिटरचा बंधनातला अवतार, चालू फोल्डरातल्याच फाईली उघडतो आणि शेल देत नाही, पण एकेक ओळ नंबर देऊन बदलायची हे प्रेसमधल्या माणसाच्या हातात द्यायचं हत्यार नाही, स्क्रिप्टमध्ये वापरा.

आणि आर-व्हिम. याच्यावर बरेच जण फसतात म्हणून ठळक सांगतो. आर-व्हिम फक्त शेल बंद करतो, फाईली नाही. त्यात ई टाकून कुठलीही फाईल उघडता येते, म्हणजे आपला जो मूळ प्रश्न आहे त्याला त्याचं उत्तरच नाही. नाव आर-नॅनोसारखं आहे म्हणून काम पण तसंच असेल असं धरू नका.

मग मराठीचं काय? इथं मी बरेच दिवस अडकलो. टर्मिनलमध्ये देवनागरी नीट उमटत नाही, वेलांट्या बाजूला पडतात, जोडाक्षरं फुटतात, कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी खोडलं जातं. आर-नॅनो कितीही चांगला असला तरी चाळीस पानांचा मराठी अहवाल त्यात करेक्ट करा म्हणून कुणाला सांगणं म्हणजे त्याला छळणं. नावांच्या आणि रकमांच्या इंग्रजी याद्या, कोड नंबर, दरपत्रकं यांना आर-नॅनो ठेवला, आणि मराठी मॅटरला खिडकीवाला एडिटर लागणार हे मान्य केलं.

केट आणि किऑस्क

खिडकीवाल्यांत मला केट आवडला, त्याचं कारण केडीई या कुबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये मेनू बंद करायची किऑस्क म्हणून एक सोय आहे. ईटीसीतल्या एक्सडीजी फोल्डरात केडीई-ग्लोबल्स नावाची फाईल बनवायची आणि त्यात ॲक्शन रिस्ट्रिक्शन्सचा भाग लिहून ओपन, सेव्ह ॲज, ओपन रीसेंट असले मेनू फॉल्स करून टाकायचे, शेल ॲक्सेस पण फॉल्स. भागाच्या नावापुढं चौकटी कंसात डॉलर आय लिहायचं विसरू नका, त्यानं युजरला ते स्वतःच्या सेटिंगमध्ये बदलता येत नाही. त्याच फाईलमध्ये युआरएल रिस्ट्रिक्शन्स असा अजून एक भाग असतो, तिथं आधी सगळ्या फाईलींना नाही म्हणायचं आणि खालच्या नियमात फक्त जॉबच्या फोल्डराला हो.

एवढं करून मी खुश होतो, आणि मग केटच्या खालच्या पट्टीत टर्मिनलचं बटण दिसलं. दाबलं की आतच टर्मिनल. म्हणजे पुढचा दरवाजा बंद आणि खिडकी सताड उघडी. केटच्या कॉन्फिगरमध्ये प्लगइन्सच्या यादीत जाऊन टर्मिनल, फाईल ब्राउझर आणि एक्सटर्नल टूल्स या तिघांचे टिक काढा. एडिटर कुठलाही घ्या, हे तपासाच: नोटपॅड प्लस प्लसमध्ये रन मेनू आहे, व्हीएस कोडमध्ये टर्मिनल आहे, व्हिममध्ये उद्गारचिन्ह आहे. ज्या एडिटरमधनं कमांड चालते त्याला फाईलीचं बंधन घालून उपयोग नाही.

विंडोजवर साध्या नोटपॅडला असलं काही किऑस्क नाही, तिथं सगळा भार सिक्युरिटी टॅबवर. विंडोज 11 च्या नव्या नोटपॅडची मात्र एक सवय लक्षात ठेवा, तो मागच्या वेळी उघडे असलेले टॅब परत उघडतो. एकाच लॉगिनवर दोघं बसत असतील तर सकाळच्या पार्टीचं मॅटर दुपारच्या पार्टीसमोर आपोआप येतं. नोटपॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन नव्यानं रिकामं उघडायचं ठेवा.

ॲपआर्मर म्हणून पण एक प्रकार आहे, उबुंटूमध्ये तो चालूच असतो. त्यात एखाद्या प्रोग्रॅमला कुठले फोल्डर वाचता येतील आणि कुठले लिहिता येतील हे लिहून ठेवता येतं, आणि ते सिस्टिमच पाळते, एडिटरच्या मर्जीवर नाही. आधी कंप्लेन मोडमध्ये आठवडाभर चालवून तक्रारी बघायच्या आणि मगच एन्फोर्स करायचं, एकदम एन्फोर्स केलं तर फॉन्टसुद्धा मिळत नाहीत आणि एडिटर उघडतच नाही. पण हे बंधन त्या एका प्रोग्रॅमपुरतं, ऑपरेटरनं दुसरा एडिटर उघडला की ते तिथं लागू नाही. फाईलीच्या परमिशन आधी म्हणून मी जे म्हणतोय ते म्हणूनच.

मेनू

आर-नॅनोला नाव कोण देणार, तर एक छोटी स्क्रिप्ट. बॅशमध्ये सिलेक्ट म्हणून सोय आहे, ती 1, 2, 3 असा मेनू दाखवते, माणसानं आकडा दाबायचा आणि स्क्रिप्टनं त्या आकड्याची ठरलेली फाईल आर-नॅनोला द्यायची. माणसानं टाइप केलेलं नाव जसंच्या तसं फाईलच्या पत्त्यात घालू नका, कुणी दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकत गेला की तो तुमच्या फोल्डराच्या बाहेर. आर-नॅनोचा पूर्ण पत्ता लिहा, फाईलच्या नावाला अवतरणचिन्हं लावा कारण आपल्याकडं फाईलच्या नावात स्पेस असतेच, आणि कंट्रोल सी, कंट्रोल झेड ट्रॅप करून गप्प करा.

घरनं काम करणारी एक टाइपिस्ट ताई आहे, ती एसएसएचनं, म्हणजे इंटरनेटवरनं इथल्या मशीनची कमांडची खिडकी उघडून, येते. तिच्यासाठी एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कॉन्फिगमध्ये मॅच ग्रुप लिहून फोर्स-कमांडला हाच मेनू दिला, आणि फॉरवर्डिंग बंद केलं. फोर्स-कमांड लावला की ती लॉगिन करून काहीही मागू दे, मिळतो तो मेनूच, एसएफटीपी, म्हणजे फाईली घ्यायची-पाठवायची सोय, मागितलं तरी मेनूच.

एखादी सिस्टिमची फाईल द्यायची झाली तर

ऑपरेटरला प्रिंटरची एक सेटिंग फाईल बदलू द्यायची होती, ती रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य ॲडमिनच्या, मालकीची. इथं सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोनं कुणी काय चालवायचं त्या यादीत, सुडो व्हिम किंवा सुडो नॅनो कधीही लिहू नका, त्यानं अख्खा एडिटरच रूट म्हणून चालतो आणि आतनं मशीनवरची कुठलीही फाईल उघडते. त्याजागी सुडो-एडिट लिहायचं आणि फाईलचा पूर्ण पत्ता द्यायचा, चांदणी लावून सगळं फोल्डर नाही. सुडो-एडिट त्या फाईलची एक तात्पुरती कॉपी करतो, एडिटर ऑपरेटरच्याच हक्कात चालतो, आणि सेव्ह करून बाहेर आलं की कॉपी परत जागेवर जाते.

फक्त सुडो अपडेट ठेवा. 2023 मध्ये सीव्हीई-2023-22809 या नंबरची चूक बाहेर आली, त्यात एडिटर निवडायच्या व्हेरिएबलमध्ये दोन डॅश घालून पुढं दुसऱ्या फाईलचं नाव दिलं की सुडो-एडिट ती फाईल पण उघडून द्यायचा. म्हणजे एक फाईल द्या म्हणलं तर कुठलीही मिळायची. ती चूक 1.9.12 पी 2 मध्ये दुरुस्त झाली, उबुंटूसारखी लिनक्स बनवणारे जुन्या नंबरवर पण दुरुस्ती देतात, त्यामुळं नंबर बघून घाबरायचं नाही पण अपडेट मात्र झालेले असावेत.

येणाऱ्या फाईली

सगळं बसवलं आणि चौथ्या दिवशी मित्र म्हणाला, अरे डाउनलोड्समध्ये सगळ्या संस्थांचे पीडीएफ पडलेत की. बरोबर होतं. पार्टी मॅटर व्हॉट्सॲपवर पाठवते, ते उघडणाऱ्या लॉगिनच्या डाउनलोड्समध्ये पडतं, आणि आम्ही फक्त जॉबच्या फोल्डरांना कुलूप लावत बसलो होतो. आता व्हॉट्सॲप फक्त मालकाच्या लॉगिनवर आहे आणि तोच फाईल जॉबच्या फोल्डरात टाकतो.

इथं कट करून पेस्ट करू नका, कॉपी करा आणि मूळ डिलीट करा. विंडोजवर एकाच ड्राइव्हमध्ये फाईल हलवली तर ती जुन्या फोल्डराच्या परमिशन बरोबर घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डराच्या घेते. लिनक्सवर एम-व्ही केलं तरी तेच, ग्रुप आणि परमिशन जुन्याच राहतात, सी-पी केलं तर ग्रुप नव्या फोल्डराचा लागतो. ऑपरेटरचं "मला फाईल उघडंना झालीया" हे दहातनं आठ वेळा या एका कारणानं होतं.

तपासणी

लावणाऱ्यानं स्वतः तपासून उपयोग नाही, म्हणून मी प्रेसमधल्या सगळ्यात हुशार पोराला बसवलं आणि म्हणलं, तुझ्या लॉगिनमधनं दुसऱ्याची थकबाकीची यादी काढून दाखव, एक दिवस दिला. त्यानं एडिटरच्या ओपनमधनं बघितलं, पूर्ण पत्ता टाइप करून बघितला, ब्राउझरच्या पट्टीत फाईलचा पत्ता टाकला, व्हॉट्सॲपसारख्या अटॅचच्या खिडकीतनं बघितलं, फाईलचा शॉर्टकट आपल्या फोल्डरात बनवून त्यावर क्लिक केलं, प्रिंटच्या खिडकीतनं पीडीएफ सेव्ह करायच्या बहाण्यानं फिरून आला. उघडलं काहीच नाही. पण दोन ठिकाणी नावं दिसली, एक एडिटरच्या रीसेंटच्या यादीत आणि एक मशीनला जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कवर, आणि ती डिस्क एक्सफॅट असल्यानं तिथं तर फाईल सरळ उघडली. ती डिस्क आता मालकाच्या कपाटात असते, संध्याकाळी जोडून कॉपी घ्यायची आणि परत काढून ठेवायची, आणि कपाट वरच्या मजल्यावर, 2019 आणि 2021 चा पूर बघितल्यावर तळमजल्यावर डिस्क ठेवायची हिंमत इथं कुणी करत नाही.

तुम्ही पण हीच परीक्षा घ्या, आणि नवीन ऑपरेटर आला, विंडोजचा मोठा अपडेट आला किंवा नवा एडिटर टाकला की परत घ्या. आणि अहवाल छापून गेला की त्याच दिवशी त्या जॉबमधनं ऑपरेटरचं नाव काढायचं, सीझन संपल्यावर बघू म्हणून ठेवलं तर पुढच्या ऑगस्टपर्यंत सगळ्यांना सगळं परत उघडलेलं असतं. मित्रानं त्यासाठी डिलिव्हरी चलनाच्या पुस्तकातच एक रकाना वाढवलाय, माल दिला, सही घेतली, परमिशन काढली.